आपल्यातलाच माणूस

१२ ऑक्टोबर, शनिवार

...आणि मग मी वासरांची बादली घासायला घेतली. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या सकाळचं मला सगळ्यात स्पष्ट आठवतं ते हेच. त्याआधी चुलीतली राख बाहेर टाकली होती, कोंबड्या सोडल्या होत्या, तव्यावर सोडा ब्रेड टाकला होता. माझ्या नवऱ्यानं, सेसिलनं, चहा उभ्यानंच घेतला. "खालच्या रानाचं फाटक बघून येतो," म्हणाला. मी म्हटलं, "येताना बूट बाहेर काढ, आत्ताच लादी पुसली आहे." आमचं शेवटचं बोलणं हे. बादलीच्या तळाला सुकलेलं दूध चिकटलं होतं, ते मी चमच्यानं खरवडत होते, तेव्हा बंदुकीचे आवाज आले. मला वाटलं कोणीतरी कावळे उडवतंय. मी खरवडतच राहिले.

पोलीस, पाद्री, वर्तमानपत्रवाले, सगळ्यांनी मला त्या सकाळबद्दल विचारलं. मी प्रत्येकाला बादलीच सांगितली. दुसरं माझ्याकडे काही नव्हतं.

आज हे लिहायला बसले कारण माझ्या मुलीचा, लॉर्नाचा फोन आला. ठरलं म्हणाली. मार्चमध्ये मी तिच्याकडे बँगोर शहरात जायचं, घर आणि रानं विकायची. सप्टेंबरात मी अंगणात पडले आणि खुबा मोडला. चिखलात किती वेळ पडून होते कुणास ठाऊक. शेजारच्या फिनटनच्या कुत्र्यानं भुंकून भुंकून त्याला आणलं. तेव्हापासून लॉर्ना ऐकत नाही. "आई, पुढच्या वेळी कुत्रं झोपलेलं असलं तर?"

१९ ऑक्टोबर

फिनटन मॅकगर आला. माझ्या रानाला लागून त्याचं रान, आणि उताराखाली त्याचं घर. तो त्यांच्यातला, कॅथलिक; मी आमच्यातली, प्रॉटेस्टंट. पण बर्फ पडला की आधी माझी वाट मोकळी करतो, मग स्वतःची. गाय अडली तरी तोच येतो. इतक्या वर्षांत त्यानं मला एकदाही ऑलिव्ह म्हटलं नाही.

"बाई, लोक म्हणतात तुम्ही चाललात."

"लोक बरोबर म्हणतात."

"मग रान?"

"रान काही बँगोरला नेता येत नाही, फिनटन. लॉर्नाच्या बाल्कनीत मावायचं नाही."

हसला. मग टोपी हातात फिरवत राहिला. म्हणाला, "सगळं नको मला. खालचं तेवढं द्याल? हिवाळ्यात माझ्या स्वयंपाकघरात जे काय ऊन येतं ते त्या रानावरून येतं. मी एकटा माणूस, दुपारी तिथं खुर्ची टाकून बसतो. ते तसंच राहावं, एवढंच."

"तुला ठाऊक आहे, असं होत नाही."

"ठाऊक आहे. चारशे वर्षांपूर्वी तुमच्या लोकांनी घेतलं तेव्हा आम्हाला विचारलं नव्हतं. मी आपला रीतसर विचारतोय."

"फार उशीर केलास विचारायला."

"म्हटलं, घाई कशाला."

आम्ही दोघंही हसलो. चहा झाला. तो गेल्यावर मला जाणवलं की मी नाही म्हटलं नाही. आणि हो म्हणणं तर शक्यच नाही.

हे कुठं लिहिलेलं नाही, पण सीमेवरच्या, ब्रिटिश बाजूच्या या भागात दुधपित्या पोरालाही माहीत असतं: आपलं रान आपल्यातच राहतं. आमच्या एखाद्याचं विकायला निघालं की त्यांच्यातला कोणी बोलीला हात वर करत नाही, आणि त्यांचं निघालं की आमच्यातला. माझ्या सासऱ्यांनी दम्यानं काम झेपत नसताना एक ओलं रान तीन वर्षं तसंच पडू दिलं, पण शेजाऱ्याला दिलं नाही. आता तर रेडिओवर रोज तेच. सार्वमत होणार का, कधी होणार, ब्रिटिश राजवट जाऊन आयर्लंड एक झालं तर आमचं काय. पूर्वी आमच्याकडे एकर मोजायचे. आता माणसं मोजतात.

२७ ऑक्टोबर, रविवार

लॉर्ना आली होती. काल संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये एकीकरणावर सभा होती, तिला जायचं होतं. मी म्हटलं, "तुझ्या बापाच्या मारेकऱ्यांची सभा."

"आई, डब्लिनची एक प्राध्यापक येणार आहे आणि नंतर केक आहे. मारेकरी केक करत नाहीत."

"तू त्यांच्या बाजूनं मत देणार?"

"मला अजून माहीत नाही. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा नंबर जो देश आधी लावेल त्याच्या बाजूनं देईन."

मी गेले. मला बघायचं होतं. चौदाव्या वर्षी शाळा सुटली तेव्हापासून फिरत्या वाचनालयाची गाडी हेच माझं विद्यापीठ. दोन्ही बाजूंचे इतिहास मी वाचले आहेत, पण त्यांच्यातल्या माणसांना प्रत्यक्ष बोलताना एका खोलीत बसून कधी ऐकलं नव्हतं.

प्राध्यापक बाई तरुण होती. चांगलं बोलली. नव्या देशात तुमची ओळख सुरक्षित राहील, म्हणाली. तीन वेळा म्हणाली. मग प्रश्न सुरू झाले. ओढ्यापलीकडून, म्हणजे दुसऱ्या देशातून, एक म्हातारा शेतकरी आला होता. तो उठला आणि म्हणाला, "आमची अर्धी टेकडी शहरातल्या कंपन्यांनी घेऊन स्प्रूसच्या, लाकडासाठी लावतात त्या झाडांखाली घातली; आता चाळीस वर्षांनीच तोडणार. काळंकुट्ट. माझी बहीण भर दुपारी दिवा लावते. पाखरूसुद्धा बसत नाही. तुम्ही एकीकरण कुणाचं करणार आहात, बाई? माणसं शिल्लक राहतील तेव्हा ना?" सगळे हसले. तो हसला नाही.

मग मी उभी राहिले. का, ते आता सांगता येत नाही. म्हटलं, "आमच्या चर्चच्या भिंतीवर माझ्या नवऱ्याचं नाव कोरलेलं आहे. राणीच्या सेवेत मारला गेला असं लिहिलंय. तो पूर्णवेळ शेतकरी नव्हता की पूर्णवेळ शिपाई नव्हता. दिवसा गुरं, आठवड्यातून दोनदा फौजेचा गणवेश. तुमच्या नव्या देशात तो दगड कुणाचा?"

प्राध्यापक बाई म्हणाली हा फार महत्त्वाचा प्रश्न आहे. मागून एका बाईचा आवाज आला, "आणि माझा भाऊ गणवेशवाल्यांनी रस्त्यात मारला, त्याचा दगड कुठं आहे? त्याला तर भिंतच नाही."

मी वळून पाहिलं. माझ्याच वयाची, गळ्यात साधी साखळी. आम्ही एकमेकींकडे पाहत राहिलो. नंतर चहाच्या वेळी ती माझ्याजवळ आली, थाळी पुढं केली आणि म्हणाली, "लिंबाचा घ्या, चॉकलेटचा कोरडा झालाय." मी लिंबाचा घेतला.

घरी येताना लॉर्ना रडत होती. मी नव्हते.

३ नोव्हेंबर

आयव्हन क्रोझियर आला. सेसिलच्या मामेभावाचा मुलगा, लॉजचा, म्हणजे आमच्या प्रॉटेस्टंट पुरुषांच्या संघटनेचा सचिव. अकरा महिन्यांच्या करारानं माझ्या रानांत तोच गुरं चारतो. दारातच म्हणाला, "काकू, तुम्ही त्यांच्या सभेत केक खाल्लात म्हणे."

"लिंबाचा."

"थट्टा नको. लोक विचारतात मला. सेसिलकाकांची बायको तिथं जाऊन उभी राहते, याचा अर्थ काय?"

"अर्थ असा की मला एक प्रश्न होता आणि आपल्या लॉजमध्ये बायकांना विचारता येत नाही."

तो बसला. चिडला की त्याची मान लाल होते, सेसिलचीही व्हायची. म्हणाला, मॅकगरनं खालचं रान मागितल्याचं कानावर आलंय. मी म्हटलं, मागितलं. "आणि?" मी म्हटलं, "आणि काय, मागू नये असा कायदा नाही." तो म्हणाला, "काकू, त्या फाटकापाशी काका पडले. त्या फाटकाची किल्ली तुम्ही त्यांच्या हातात देणार?"

त्यानं खोटं काही म्हटलं नाही.

१० नोव्हेंबर, स्मरणाचा रविवार

लढाईत गेलेल्यांसाठी लावतात ते लाल कागदी फूल लावलं. आयव्हननं नावं वाचली. सेसिलचं नाव आलं की दरवर्षी मी पुढच्या बाकाची कड धरते. या वर्षी काठी धरली.

सेसिलच्या अंत्यविधीला फिनटन चर्चच्या भिंतीबाहेर पावसात उभा होता. आत येणं त्यांच्याकडे तेव्हा चालत नसे, आणि आला असता तर आमच्याकडे चाललं नसतं. मी गाडीतून त्याचे ओले केस पाहिले. मनात आलं होतं, हा इथं का? आभार मानायचे की ओरडायचं, ते मला कळलं नव्हतं. अजून कळलेलं नाही.

१६ नोव्हेंबर

आयव्हन गिऱ्हाईक घेऊन आला. स्टॅनली मॉहिनी, अँट्रिमकडचा. "आपल्यातलाच माणूस," आयव्हन तीनदा म्हणाला. बाप लॉजच्या मिरवणुकीत ढोल वाजवायचा, आजोबा चर्चचे वडीलधारे. भिंतीवरचा सेसिलचा गणवेशातला फोटो पाहून मॉहिनी थांबला, मान झुकवली. मला बरं वाटलं.

मग आम्ही रान बघायला गेलो. मी फाटकापर्यंतच. माणूस जरा निराळा. गवताबद्दल एक शब्द विचारला नाही. लोखंडी सळई काढून जमिनीत खुपसली आणि म्हणाला, "छान ओलं आहे." ओलं रान छान म्हणणारा शेतकरी मी आजवर पाहिला नव्हता. सगळं एकत्रच हवं, खालचं धरून, तुकडे नको. मोठी लांब लॉरी वाटेवर वळेल का, हे विचारलं. मी म्हटलं, "गुरं फार आहेत वाटतं?" म्हणाला, "सध्या नाहीत. आम्ही घाई करत नाही, बाई. पस्तीस-चाळीस वर्षांचा विचार करूनच घेतो." मला ते आवडलं. आजकाल इतका दूरचा विचार कोण करतं?

घर त्याला नको होतं. "पडू दिलं तरी चालेल," म्हणाला. तेवढं मात्र लागलं.

२३ नोव्हेंबर

पाऊस. फिनटननं येऊन पन्हाळ साफ केलं. रानाचा विषय त्यानं काढला नाही. मीही नाही. शिडीवरून उतरताना म्हणाला, "लॉर्नाची बँगोरची पन्हाळं कोण साफ करतं?" मी म्हटलं, "सातव्या मजल्यावर राहते ती." "म्हणजे परमेश्वरच," म्हणाला.

३० नोव्हेंबर

आयव्हनला म्हटलं की मला वेळ हवा. तो उभाच होता. म्हणाला, "काकू, मला हे बोलायचं नव्हतं."

मग बोलला. मी ते कधी ऐकलंच नव्हतं असं नाही. कुजबुज होतीच. सेसिल कुठल्या वेळी फाटकापाशी जातो हे त्या बंदूकवाल्यांना कोणीतरी सांगितलं असणार, आणि सांगणारा लांबचा असूच शकत नाही. आयव्हन म्हणाला, फिनटनचा धाकटा भाऊ कोल्म त्याच महिन्यात अमेरिकेला गेला, परत आला नाही. आईच्या मयताला नाही, कशालाच नाही. "यापुढं मी काही म्हणत नाही," म्हणाला. त्याला म्हणायची गरजच नव्हती.

मी कोल्मला लहानपणी पेअर दिले आहेत. आमच्या झाडाचे पेअर. खिशात भरून न्यायचा.

३ डिसेंबर

सकाळचा ब्रेड कोंबड्यांना घातला. वाचनालयाच्या गाडीतून आणलेलं पुस्तक तसंच पडलंय. लॉर्नाला फोनवर सांगितलं नाही. देवाला विचारलं.

७ डिसेंबर

आज मी विचारलं.

काठी टेकत उतार उतरून त्याच्या घरी गेले. इतक्या वर्षांत मी त्याच्या उंबऱ्याच्या आत दोनदा गेले असेन. दुपार होती. खरंच, ऊन टेबलावर येतं; पिवळं, पातळ, पण येतं. तिथं एकच खुर्ची होती. त्यानं मला ती दिली आणि स्वतः उभा राहिला.

मी म्हटलं, "फिनटन, कोल्मनं सांगितलं का त्यांना?"

तो दचकला नाही. या प्रश्नाची वाट बघत असल्यासारखा उभा होता. म्हणाला, "मला ठाऊक नाही."

"तुला ठाऊक नाही, की सांगायचं नाही?"

"ठाऊक नाही, बाई. मी त्याला कधी विचारलं नाही."

"चाळीस वर्षं?"

"दर ख्रिसमसला फोन करतो. हवा कशी आहे विचारतो. गुरं कशी आहेत तो विचारतो. आणि ठेवतो."

"का नाही विचारलंस?"

त्यानं खिडकीकडे पाहिलं. "हो म्हणाला असता तर तुमच्या दारात यायला मला तोंड राहिलं नसतं."

मला राग आला. माझा नवरा गेला आणि याला माझ्या दाराची काळजी. त्यात माझ्या दाराचा काय संबंध, ते मला अजून समजत नाही. मी म्हटलं, "माझी वाट झाडलीस, माझी वासरं ओढलीस, ते सगळं काय होतं? त्याच्या वतीनं फेड?"

"काही दिवस ते होतं," तो म्हणाला. "सगळे दिवस ते नव्हतं."

मी उठले. तो दारापर्यंत आला, हात पुढं केला, उतार निसरडा होता म्हणून. मी काठीच धरली.

१५ डिसेंबर

तो आला नाही. बर्फ पडला, तेव्हा सकाळी वाट मात्र झाडलेली होती. पावलं दारापर्यंत येऊन परत फिरलेली.

२६ डिसेंबर

लॉर्ना येऊन गेली. तिला सगळं सांगितलं. बाप गेला तेव्हा ती पाळण्यात होती. म्हणाली, "आई, तू काय करणार?"

"तू सांग."

"मी नाही सांगणार. फिनटनला दिलंस तर तुझ्या चर्चमध्ये तुला कोणी शेजारी बसू देणार नाही. नाही दिलंस तर तू बँगोरच्या खिडकीत बसून मरेपर्यंत त्याचाच विचार करशील. यातलं कुठलं सोपं आहे ते मला ठाऊक नाही."

एवढं वाचलं मी आयुष्यभर. माणसं अशा वेळी काय करतात ते एकाही पुस्तकात सापडत नाही. सापडतं ते त्यांचं नंतरचं.

११ जानेवारी

आयव्हन म्हणतो मॉहिनी थांबणार नाही, पलीकडे दुसरी रानं बघतोय. "काकू, त्यांच्यातल्या एकाकडे गेलं की सगळा उतार जातो. आज रान, उद्या मत, परवा देश." घोटून पाठ केलेलं वाक्य होतं. पण माझ्या सासऱ्यांनीही हेच म्हटलं असतं. सेसिलनंही. सेसिल काय म्हणाला असता ते मला खरंच माहीत आहे का? तो पस्तिशीत गेला. माझ्या डोक्यातला सेसिल आता माझ्याच आवाजात बोलतो.

२३ जानेवारी, गुरुवार

फिनटन काल आला. डिसेंबरनंतर पहिल्यांदाच. दाढी वाढलेली, आत बस म्हटलं तर बसला नाही.

"विचारलं मी," म्हणाला.

माझ्या हातात पीठ होतं. मी ते झटकलं नाही.

"कोल्मच्या मुलीनं फोन उचलला. तो आता एका वृद्धाश्रमात आहे, दोन वर्षं झाली. मला सांगितलंच नव्हतं. ख्रिसमसला फोनवर तीच त्याला शब्द पुरवायची. तिनं त्याच्या कानाला फोन लावला. मी सगळं नीट विचारलं, बाई. नाव घेऊन विचारलं. सेसिल बीकम, खालचं रान, फाटक."

"मग?"

"म्हणाला, आईनं कोंबड्या आत घेतल्या का?"

त्याची आई जाऊन किती वर्षं झाली.

"पुन्हा विचारलं. पुन्हा कोंबड्याच." तो दाराच्या चौकटीला धरून होता. "तो मला ओळखत नाही. कुणालाच नाही. मी आधी विचारायला हवं होतं. विचारता येत होतं तेव्हा मी विचारलं नाही, बाई, आणि आता ते कुठंच नाही. कुणाच्याच डोक्यात नाही."

मी त्याला म्हणायला हवं होतं की बस. की काही नाही. की तू पावसात उभा होतास ते मी पाहिलं होतं. यातलं काहीही. माझ्या तोंडून निघालं ते असं: "मग मी आता काय धरून बसू, फिनटन?"

तो म्हणाला, "रानाचं मी मागे घेतो. तुम्हाला त्रास नको. तुम्ही तुमच्यातल्या माणसाला द्या, तेच बरं. निदान तुमच्यातला माणूस तिथं गुरं तरी चारेल."

"तो म्हणतो सध्या गुरं नाहीत."

"घेईल," फिनटन म्हणाला. "रान घेऊन दुसरं काय करणार?"

मग टोपी घातली. फाटकापाशी वळला आणि म्हणाला, "येतो, ऑलिव्ह."

मी पिठाचे हात तसेच घेऊन दारात उभी होते. हाक मारली असती तर तो थांबला असता. उतार फार लांब नाही.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज सकाळी, मी आयव्हनच्या गाडीतून एनिस्किलनला वकिलाकडे गेले आणि सगळ्या रानांवर मॉहिनीच्या नावानं सही केली. त्यानं हात मिळवला. त्याचा तळवा मऊ होता. येताना मी आयव्हनला वरच्या रस्त्यानं यायला सांगितलं, कारण खालचा रस्ता फिनटनच्या दारावरून जातो.